दारवानाच्या छातीवरचा पोचा

८ फेब्रुवारी

ढब्बू,

अक्षर ओळखलंस ना? ओळखलंस म्हणून पत्र लगेच घडी घालून ठेवू नकोस. अक्षर तुझ्या बापाचं असलं तरी तोंड माझं आहे. मला लिहिता येत नाही हे काही तुझ्यापासून लपलेलं नाही, आणि या घरात लिहिता येणारं माणूस आता एकच उरलंय, त्याला मी काय करू? जेवण झाल्यावर त्याला टेबलाशी बसवलं, हातात पेन दिलं आणि अट घातली. मी बोलेन ते सगळं उतरवायचं, एक शब्द गाळायचा नाही आणि पदरचा एकही घालायचा नाही. तो म्हणाला, मला त्याला काही सांगायचं नाहीच आहे. मी म्हटलं, मग तुझ्यासारखा लेखनिक शोधूनही सापडायचा नाही. हेही लिही.

लिहिलं. कपाळाला आठी आहे, पण लिहिलं.

फोनवर तुझी तीन वाक्यं ठरलेली. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवतो. एवढी विचारपूस दवाखान्यातली नर्ससुद्धा करते, आणि ती जाताना उशी तरी सारखी करते. म्हणून म्हटलं पत्रच पाठवावं. पत्राला मधेच ‘ठेवतो’ म्हणता येत नाही.

तू लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत लागलास हे मला दातांच्या डॉक्टरणीकडून कळलं. तीच ती, तुमच्या सिनेमातले पोशाख करणाऱ्यांच्या क्लबात सगळ्यांचे पोशाख तपासते ती. परक्या लोकांना वर-खाली न्यायची सोय करतोस दिवसभर, आणि स्वतःच्या घरचे दोन जिने काही तुला चढवत नाहीत. असो. टोमणा मारायचा नाही असं ठरवून बसले होते. तुझा बाप आत्ता गालातल्या गालात हसला. हे तो लिहीत नव्हता, मी लिहायला लावलं.

आता कामाचं. तुझा दारवान अजून मागच्या खोलीत स्टँडवर उभा आहे. बाप म्हणतो, दारवान काय, चिलखत म्हण. पण तूच सांगितलं होतंस, की त्या अंतराळातल्या सिनेमात हा शिपाई दाराशी उभा राहण्यापलीकडे काही करत नाही. मग तो दारवानच. प्लास्टिकचे पत्रे भाजून, वाकवून, चिकटवून तू तो उभा केलास. वर्षभर आमच्या भाजीला त्या डिंकाचा वास येत होता. मी कधी तक्रार केली? केली, पण जेवलेच ना.

आणि मग तुझ्या बापाने त्याला हात लावला. हे मी मुद्दाम त्याच्याच हाताने लिहवून घेतेय. ज्या माणसाचा जन्म गाड्यांचे पोचे काढण्यात गेला, त्याला पोचा दिसला की बोटं शिवशिवतात. तू कामावर गेल्यावर त्याने दारवानाच्या छातीवरच्या पोच्यात पुट्टी भरली, ओरखडे घासले, वरून पांढरा रंग मारला आणि असा चमकवला की मी त्यात माझा अंबाडा बघून घेतला. त्याला वाटलं, पोरगं खूश होईल. मला सांगून ठेवलं होतं, तो आला की दार तू उघड, मी आत थांबतो, त्याला आधी बघू दे.

तू बघितलंस. तुला कुठे माहीत होतं तो आत थांबलाय? आणि त्याला कुठे माहीत होतं, की तो पोचा, ते ओरखडे, ती काजळी, सगळं सिनेमात दिसतं तस्सं तू महिनोन्‌महिने खपून केलं होतंस? तू म्हणालास, “बाबा, तुम्ही माझं वर्ष पुसलंत.” आणि हा म्हणाला, “वर्षभर खेळणं रंगवलंस, त्याचं एवढं?”

इथे पेन अडलं होतं. लिही म्हटलं. लिहिलं.

त्याच आठवड्यात तू बाहेर राहायला गेलास. तेव्हापासून तुम्ही दोघे गप्प आणि मी मधे. तुझी आई असती तर तिने एकेकाचा कान धरला असता. माझा हात आता तुमच्या कानांपर्यंत पोचत नाही, दोघेही ताडमाड वाढलात.

दारवानाचं काय करायचं ते कळव. माझ्या मनात काय आहे ते सांगत नाही. लिहिणारा माणूस फितूर आहे.

खाली अंगठा उमटवलाय. शाई बापाच्या गॅरेजच्या शिक्क्याची आहे, चांगली लागलीय.

आज्जी


२ मार्च

ढब्बू,

तुझं उत्तर आलं. दोन शब्द. ‘टाकून द्या.’ बापाने वाचून दाखवलं आणि पाकीट फळीवर ठेवलं. मी म्हटलं, पुन्हा वाच. दोन शब्द वाचायला असा किती वेळ लागतो? पण त्याला लागला.

मी काही टाकणार नाही. फाटकी चादरसुद्धा मी टाकत नाही, तिचं पायपुसणं होतं. आणि एवढा सहा फुटी माणूस टाकू? कचरा नेणारी बाई मला काय म्हणेल?

उलट मी तो पुरा करायला घेतला. चिलखताच्या आत घालायचा तो काळा पोशाख तू कापून ठेवला होतास, शिवायचा राहिला होता. म्हटलं, हे तर आपलं काम. जन्मभर शाळेचे गणवेश शिवले मी. कपाटातून तुझी जुनी पँट काढली, तिच्यावरून माप घेतलं आणि शिवला. छान शिवला. चार बोटं दुमड, बगलेत दोन बोटं माया, पाठीत चुणी.

दातांची डॉक्टरीण आली बघायला. तिने तो दारवानाच्या अंगावर चढवला, दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, “आज्जी, हा पोशाख आहे की तंबू?”

मग मला समजावून सांगितलं, की हा अंगाला कातडीसारखा बसायला हवा, सिनेमात तसाच आहे. मी म्हटलं, अगं पण पोरगं वाढलं म्हणजे? ती म्हणाली, आज्जी, तो सत्तावीस वर्षांचा आहे. आता यात माझी काय चूक? गणवेश शिवणाऱ्या बाईला पोरं वाढतात एवढंच माहीत असतं. ती जातात, याचं माप कुणी शिकवलं नव्हतं.

बाई मोठी नमुनेदार आहे. दात तपासायचा तो छोटा आरसा घेऊन आली होती, तो टोपाच्या आत घालून जोड तपासत होती. दारवानाला ‘आ करा’ म्हणेल असं वाटलं. तिने फोनवर सिनेमातली चित्रं थांबवून थांबवून दाखवली. म्हणाली, केसभर फरक चालत नाही. डाव्या मनगटाचा पट्टा बघा, सिनेमात तो उलटा बांधलेला आहे. कुणीतरी घाईत चुकून बांधला असणार. पण आता जगभर हा दारवान करणारा प्रत्येक जण तो उलटाच बांधतो. सरळ बांधला तर ती चूक.

मी म्हटलं, सिनेमावाल्यांच्या चुका एवढ्या जिवापाड जपता तुम्ही. घरच्या माणसाच्या एखाद्या चुकीला क्लबात जागा नाही का? ती हसली. तुझा बाप तेव्हा दाराआड उभा होता. त्याला वाटतं मला दिसत नाही. माझ्या डोळ्यांपुढे धुकं आलंय, पण दाराखाली चपला दिसतात.

जाताना ती म्हणाली, जूनमध्ये क्लबाचा मेळावा आहे, तुझं नाव तिने अजून काढलेलं नाही. पण एक नियम आहे. पोशाख नुसता आणून चालत नाही. ज्याने केला तो आत उभा असला तरच ती पसंतीचा शेरा देते. रिकाम्या दारवानाला क्लब ओळखत नाही.

मलाही तो रिकामा करमत नाही, ढब्बू. मागच्या खोलीत झाडायला गेले की उगाच विचारते, काय रे, जेवलास का?

तर मी आता तो तंबू उसवतेय. सुई ओवून तुझा बाप देतो. जाड बोटांचा माणूस, पण एका दमात ओवतो. कामावर जाण्याआधी पाच-सहा सुया दोरे घालून ओळीने खोचून ठेवतो, म्हणजे दिवसभर माझं अडायला नको. बोलत काही नाही. तुझ्यासारखाच.

अंगठा खाली आहे. या वेळी जरा तिरका गेला.

आज्जी


३० मार्च

ढब्बू,

आधी एक खटला. मागच्या पत्रातलं एक वाक्य तुझ्या बापाने गाळलं. मला वाचता येत नाही म्हणून त्याला वाटलं पचलं. पण पाकीट बंद करण्याआधी मी ते पत्र डॉक्टरणीकडून वाचून घेतलं होतं. तिला म्हटलं, असू दे, पुढच्या खेपेला त्याच्याकडूनच लिहवून घेईन. तर ते वाक्य असं होतं: संध्याकाळी गॅरेजमधून आला की तुझा बाप आधी तुझ्या खोलीत जाऊन बसतो. काही करत नाही, नुसता बसतो.

घातलं का रे? दाखव. कुठे आहे? हं.

आता पुढचं ऐक. त्याने तुझा सिनेमा बघितला. सुट्टीच्या दिवशी दुपारी, माझ्याशेजारी बसून. पहिला अर्धा तास, कोण कुणाच्या बाजूने आहे हे मला विचारत होता. म्हटलं, ज्यांचे कपडे स्वच्छ ते दुष्ट, माझा अंदाज आहे. अंदाज बरोबर निघाला. मग तुझा दारवान आला. त्याला हुकूम असतो, इथून कुणालाही जाऊ द्यायचं नाही. आणि ती बाई कडेवरचं पोर घेऊन धावत येते. हा बोलत नाही, शस्त्र उचलत नाही, फक्त एक पाऊल बाजूला होतो. ती जाते. बंद होत येणारं दार त्याच्या छातीवर आदळतं. तोच तो पोचा.

संपलं. मिनिटभराचंही काम नाही. बापाने तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा लावला. माझा चहा निवला. मग म्हणाला, “आई, एवढ्या सगळ्या शिपायांतून याने हाच का घेतला?”

मी म्हटलं, त्यालाच विचार.

विचारायला तो आहे कुठे. हे वाक्य मी सांगितलेलं नाही, मी थांबले तरी पेन चाललं म्हणून वाचायला लावलं, तर त्याने आपणहून लिहिलंय. अट मोडली म्हणून मी रागावणार होते, पण राहू दे.

दुसऱ्या सुट्टीला त्याने दारवानाची छाती उतरवली आणि न्हाणीघरात नेली. मला वाटलं टाकतोय. मी काठी घेऊन मागोमाग गेले. तर बादलीत पॉलिश पेपर भिजत घातलेला, आणि हा पाटावर बसून हाताने घासतोय. गॅरेजात यंत्र आहे ना, म्हटलं. म्हणाला, यंत्राला थांबायचं कळत नाही, वरची पुट्टी निघेल आणि खालचं त्याचंही निघेल.

म्हणजे पोचा गेलेला नव्हताच, ढब्बू. नुसता भरला होता. खाली तो तसाच होता.

सुट्टीमागून सुट्टी त्याने घासलं. थोडं घासायचं, पाणी मारायचं, डोळे मिटून तळहात फिरवायचा, पुन्हा थोडं. तुला आठवतं, तू एवढासा होतास तेव्हा तो तुला गॅरेजात नेऊन गाडीच्या दारावरून असाच हात फिरवायला लावायचा? पोचा डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळतो म्हणायचा. आणि तू डोळे इतके घट्ट मिटायचास की नाकही वर चढायचं. एकदा त्याने काम झालं म्हणून पुसून ठेवलेल्या दारावर तू बोट ठेवलंस, इथे आहे म्हणालास. आणि होता. महिनाभर तो भेटेल त्याला तेच सांगत होता.

परवा घासता घासता थांबला. मला हाक मारली. गेले, तर छाती मांडीवर घेऊन बसलेला, ओल्या हातांनी. म्हणाला, हात दे. माझा अंगठा धरून त्याने पोच्याच्या तळाशी टेकवला. तिथे एक बारीकशी खळी आहे. प्लास्टिक गरम असताना तू अंगठ्याने दाबलं असणार. तिच्यात रेघासुद्धा लागतात. मी अंगठेबहाद्दर बाई, मला दुसरं काही वाचता येत नसलं तरी अंगठा वाचता येतो.

बाप म्हणाला, त्याचा स्वतःचा त्यात बसत नाही, मोठा पडतो. मग बराच वेळ नळ चालूच राहिला. पाणी वाया जातंय हे मी त्या दिवशी बोलले नाही.

खालचा अंगठा बघ, आणि आपला लावून बघ.

आज्जी


२७ एप्रिल

ढब्बू,

तुझं पत्र आलं. या वेळी एक अख्खं वाक्य. ‘मनगटाचा पट्टा उलटा लावलात ना?’

बापाने ते वाचलं, पाकीट फळीवर न ठेवता खिशात घातलं आणि गॅरेजला घेऊन गेला. पट्ट्याचं पत्र गॅरेजात काय करतो, देव जाणे. हो, उलटा लावलाय. डॉक्टरणीने आरशाने तपासलाय. माझी खोड अशी, की येता-जाता तो सरळ करायला हात जातो, मग आपलाच हात आपण मागे घेते.

काळा पोशाख आता कातडीसारखा झालाय. पण चिलखताचे पट्टे कुठे टाचायचे ते स्टँडवर कळेना. स्टँड श्वास घेत नाही, त्याला खांदे उडवता येत नाहीत. आत माणूस हवा. तर मी तुझ्या बापाला आत घातला.

आधी नाही नाही म्हणाला. मी म्हटलं, उंची तीच, खांदे तेच, आणि हट्टही त्याच मापाचा आहे. पोशाख चढताना दोन ठिकाणी उसवला. मग मांड्या, मग दंड, मग छाती. छाती पुढून छान बसते, पाठ मागून छान बसते, पण मधे तुझ्या बापाचं पोट येतं आणि डावीकडची कडी काही लागत नाही. म्हटलं, पोट आत घे. म्हणाला, घेतलेलंच आहे.

शेवटी टोप चढवला. त्याला म्हटलं, आता चालून दाखव, पट्टे कुठे ओढतात ते बघू. तो मागच्या खोलीच्या टोकाला गेला, वळला आणि दाराकडे चालत आला. तीच चाल, तीच उंची, आणि माझ्या डोळ्यांतलं हे धुकं. माझ्या तोंडून निघून गेलं, “आलास?”

तो जागच्या जागी थांबला. टोपातून घुमल्यासारखा आवाज आला, “आई, मी आहे.”

मी म्हटलं, माहितीय रे, तुलाच विचारलं.

खोटं बोलले. त्यालाही कळलं. तो नुसता एक पाऊल बाजूला झाला, दार मोकळं केलं आणि तसाच उभा राहिला. मी त्या मोकळ्या दाराकडे बघत राहिले. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली, वरच्या मजल्यावरची कुणी असेल.

टोप काढला तेव्हा चेहरा ओला होता. घाम, म्हणाला. मी म्हटलं, घामच. आता लिहितानाही तो विचारतोय काय लिहू. घामच लिही.

तर एवढं झालंय. खांद्याचे पट्टे मी पक्के शिवलेले नाहीत, कच्चे टाके घातलेत. खांदा ज्याचा, त्याच्यावरच पक्का टाका घालायचा असतो, नाहीतर पुढे जन्मभर ओढत राहतं. आणि कच्चा टाका फार दिवस धरत नाही, हे तुला सांगायला नको. माझ्या मशीनशेजारी बसून मोठा झालास. सुई ओवून ठेवलीय.

ये म्हणून मी लिहिणार नाही. गणवेश न्यायला या म्हणून मी कधी कुणाच्या घरी निरोप धाडला नाही. शाळा उघडायची वेळ झाली की माणसं येत.

आता मी जरा आडवी होते. कागदावर खाली वीतभर जागा उरलीय असं लिहिणारा म्हणतोय. ती कोरी ठेवायची की कसं, ते त्याने बघावं. मला कुठे वाचता येतं.

अंगठा आधीच उमटवून ठेवते.

आज्जी


आई आत गेली आहे.

पुट्टी सगळी काढली. हातोडी लावलेली नाही, गरम हवा दिलेली नाही. पोचा तुझाच आहे, तू केला होतास तसा. ओरखडे आणि काजळी मी केलेली नाही. ती तुझी तू कर, मला नीट जमणार नाही.

पोच्याच्या खालच्या कडेला थोडी पुट्टी राहिली आहे की निघाली आहे, ते मला हल्ली हाताला पूर्वीसारखं कळत नाही. डॉक्टरीणबाई फोटो काढून पाठवते म्हणाल्या होत्या. मी नको म्हटलं. ते फोटोत दिसत नाही. डोळे मिटून हात फिरवावा लागतो.

बाबा